वसुलीचा फोन आणि शेजाऱ्याचा उंबरठा

रविवारची मिस्सा आटोपून माणूस घरी येतो आणि अनोळखी क्रमांकावरून फोन वाजतो. पलीकडचा आवाज आपल्याला नावानिशी हाक मारतो. 'अमुक गृहस्थ आपले कोण? त्यांनी कर्ज घेतले आहे, तीन हप्ते थकले आहेत, फोन उचलत नाहीत. सध्या राहतात कुठे? कामाला कुठे जातात?' आपण ते कर्ज घेतलेले नाही, त्याला जामीन राहिलेलो नाही, किंबहुना त्या कर्जाची आपल्याला गंधवार्ताही नाही. तरीही फोन आपल्याला आलेला असतो.

असा फोन आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. फोन ठेवल्यावर मनात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न असा की, आपला क्रमांक या माणसाला मिळाला कुठून? दुसरा प्रश्न आपण बहुधा शेजारी बोलून दाखवतो: अमक्यावर एवढे कर्ज झाले तरी कसे? आमच्या मते पहिला प्रश्न प्रत्येकाने विचारायला हवा आणि दुसरा तिथेच गिळून टाकायला हवा. असे आम्ही का म्हणतो, ते या लेखात मांडत आहोत.

माहिती येते कुठून?

वसुली करणाऱ्यांच्या हाती काही जादू नसते. त्यांच्याकडील बरीचशी माहिती कर्जदारानेच आपल्या हाताने लिहून दिलेली असते. कर्जाच्या अर्जात कायमचा पत्ता, सध्याचा पत्ता, नोकरीचे ठिकाण आणि ओळखीच्या दोन व्यक्तींची नावे व दूरध्वनी क्रमांक मागितले जातात. आपण घाईघाईत मावसभावाचे किंवा शेजाऱ्याचे नाव लिहितो आणि त्याला विचारायचे विसरतो. येथे एक भेद नीट लक्षात घ्यावा. जामीनदार म्हणून ज्याने सही केली, तो १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार कर्जाला बांधलेला असतो. केवळ ओळखीची व्यक्ती म्हणून ज्याचे नाव अर्जात लिहिले गेले, त्याच्यावर कर्जाची एका पैशाचीही जबाबदारी येत नाही. वसुलीवाले मात्र बोलताना हा भेद पुसून टाकतात.

दुसरा मार्ग पतमाहिती संस्थांचा. आपल्या देशात अशा चार संस्था आहेत. त्यांतील सर्वांत जुन्या संस्थेच्या नावावरून लोक सरसकट 'सिबिल' हा शब्द वापरतात. २००५ च्या कायद्याने त्यांचे नियमन होते. प्रत्येक बँक व वित्तसंस्था आपल्या कर्जदाराची माहिती या संस्थांना कळवते. त्यात परतफेडीच्या नोंदींबरोबर पत्ता आणि फोन क्रमांकही असतो. म्हणून एखाद्याने क्रमांक बदलला, घर बदलले आणि नव्या पत्त्यावरून दुसरीकडे कर्ज मागितले, की तो नवा पत्ता जुन्या धनकोलाही दिसू शकतो. हा मार्ग कायदेशीर आहे. परंतु आपण कर्जासाठी सही करताना आपल्या ठावठिकाण्याचीही नोंद सुरू होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

तिसरा मार्ग उघड्यावर पडलेल्या माहितीचा. मतदार यादी हा सार्वजनिक दस्तऐवज आहे. तीत नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, घर क्रमांक आणि वय असते. फोन कोणाचा आहे हे सांगणारी काही अ‍ॅप लाखो लोकांच्या मोबाइलमधील नावांच्या यादीवर चालतात. म्हणजे आपण स्वतः कुठेही नाव दिले नाही तरी दुसऱ्याच्या फोनमधून ते पोहोचलेले असते. समाजमाध्यमांवर आपण लग्नाची, नामकरणाची, नव्या नोकरीची छायाचित्रे टाकतो. पत्ता शोधणाऱ्याला ती आयती वाटाड्या होतात. वाहनकर्जाच्या बाबतीत तर रस्त्यावरच्या गाडीचा क्रमांक टाकताच तिचा हप्ता थकला आहे की नाही हे दाखवणारी अ‍ॅप गाड्या जप्त करणाऱ्यांच्या खिशात असतात.

चौथा मार्ग उघडउघड गुन्हेगारीचा. मार्च २०२३ मध्ये सायबराबाद पोलिसांनी एक टोळी पकडली. सुमारे १६.८ कोटी लोकांची खासगी माहिती तिने विक्रीस ठेवली होती, असे पोलिसांनी जाहीर केले. माहितीचा असा काळाबाजार भरतो आणि तेथे विकत घेणाऱ्याचा हेतू कोणी विचारत नाही.

मोबाइलमधील सावकार

या सर्व मार्गांना मागे टाकणारा मार्ग कर्जाच्या अ‍ॅपनी शोधला. बँकेत कागदपत्रांची रांग, पतपेढीत जामीनदाराची अट. येथे मात्र पाच मिनिटांत पैसे खात्यात. उदाहरणार्थ, पाच हजारांचे कर्ज मंजूर झाल्याचे दाखवायचे, 'प्रक्रिया शुल्क' म्हणून आधीच मोठी रक्कम कापून घ्यायची आणि सात दिवसांत पूर्ण पाच हजार मागायचे, असा या धंद्याचा नमुना. खरे तारण मात्र वेगळेच असे. अ‍ॅप उघडताच ते फोनमधील नावांची यादी, छायाचित्रे, संदेश पाहण्याची परवानगी मागे. गरजेने घायकुतीला आलेला माणूस सगळीकडे 'होय' म्हणत जाई. त्या क्षणी आई, मेव्हणा, कार्यालयातील वरिष्ठ, धर्मगुरू, मुलीची शिक्षिका, अशा सर्वांचे क्रमांक सावकाराच्या दप्तरी जमा होत.

२०२० च्या अखेरीस तेलंगणात अशा छळाला कंटाळून झालेल्या आत्महत्या उघडकीस आल्या आणि हैदराबाद पोलिसांनी कॉल सेंटरवर छापे घातले. जानेवारी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्यगट नेमला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या त्याच्या अहवालानुसार जानेवारी व फेब्रुवारी २०२१ या दोन महिन्यांत ८० हून अधिक अ‍ॅप भांडारांत भारतीयांसाठी कर्ज देणारी सुमारे ११०० अ‍ॅप उपलब्ध होती आणि त्यांतील सुमारे ६०० बेकायदेशीर होती. पुढे मुंबईतही कर्जदारांची छायाचित्रे विकृत करून ती नातलगांना व सहकाऱ्यांना पाठवल्याच्या तक्रारी पोलिसांकडे आल्या. काही कुटुंबांनी आपली माणसे गमावली. काही हजारांच्या कर्जापायी गेलेले हे जीव होते.

कायदा काय सांगतो?

कायदा स्वस्थ बसलेला नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँका व वित्तसंस्थांना बजावले की, वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये. धमकी, निनावी फोन, अश्लाघ्य संदेश यांचा अवलंब करू नये. कर्जदाराला चारचौघांत अपमानित करू नये आणि त्याच्या कुटुंबीयांच्या, मित्रांच्या वा अर्जात नाव दिलेल्यांच्या खासगी जीवनात शिरू नये. बचतगटांतील भगिनींनी ध्यानात ठेवावे की, त्याच वर्षीच्या सूक्ष्मकर्जाच्या नियमांत ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ अशी आणखी मर्यादित आहे. एजंट बाहेरच्या संस्थेचा असला तरी त्याच्या वर्तनाची जबाबदारी कर्ज देणाऱ्या बँकेचीच राहते.

सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी मार्गदर्शक तत्त्वे आली आणि मे २०२५ मध्ये ती अधिक व्यापक निर्देशांत सामावली गेली. त्यांनुसार कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधील नावांची यादी, कॉलची नोंद, छायाचित्रे व फायली यांना हात लावू नये. ओळख पटवण्यासाठी कॅमेरा, मायक्रोफोन वा ठिकाण यांची परवानगी फक्त एकदा, स्पष्ट संमतीने घ्यावी. कर्ज थकल्यावर वसुली एजंट नेमला तर त्याने संपर्क साधण्यापूर्वी त्याचे नाव कर्जदाराला कळवावे. मे २०२३ च्या अखेरपासून गूगलनेही आपल्या भांडारातील वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅपना नावांची यादी व छायाचित्रे पाहण्यास मनाई केली. संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. परंतु त्यातील मुख्य बंधने लागू होण्यास १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे.

तरीही फोन थांबलेले नाहीत. याचे एक कारण उघड आहे. नियम मानणाऱ्यांनाच नियम बांधतो. जे अ‍ॅप भांडाराबाहेरून, संदेशातील दुव्यावरून उतरवून घेतले जाते, ज्याच्यामागे कोणतीही नोंदणीकृत संस्था नाही, त्याला रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाचे सोयरसुतक नसते. दुसरे कारण मात्र आपल्या अधिक जवळचे आहे.

खरे हत्यार लज्जा

वसुलीवाल्याला आपला क्रमांक कशासाठी हवा असतो? आपण पैसे भरणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. कर्जदाराचा पत्ताही पुष्कळदा त्याच्याकडे असतो. तरीही तो आपल्याला फोन करतो, कारण आपल्याला कळले हे कर्जदाराला कळावे, एवढेच त्याला साधायचे असते. पंचवीस जणांना फोन गेले की त्यांतील दोघेतिघे बोलणारच, हा त्याचा हिशेब असतो. माहिती ही नुसती गोळी आहे; बंदूक आहे ती लोकलज्जा. आणि ती बंदूक वसुलीवाल्याच्या हातात नसते. ती आपल्या हातात असते. आपण चाप ओढला नाही, तर त्याने जमवलेले सारे क्रमांक निकामी ठरतात.

आपल्या समाजात कर्जाची कारणे अपरिचित नाहीत. रुग्णालयाचे बिल, मुलाच्या अभियांत्रिकीची फी, परदेशी नोकरीसाठी एजंटाला दिलेली रक्कम, घराचे अर्धवट बांधकाम आणि लग्नसराईत चार लोकांत मान राहावा म्हणून केलेला खर्च. ज्या मानापायी माणूस कर्ज काढतो, तोच मान पुढे वसुलीवाला गहाण टाकून घेतो. म्हणून कर्जबाजारी भाविक मिस्सेला येईनासा होतो, लघु ख्रिस्ती समूहाच्या बैठकीला दार लावून घेतो, फोन बंद ठेवतो. आपण म्हणतो, 'त्याचा विश्वास कमी झाला.' वस्तुतः त्याला आपल्या नजरेची भीती वाटत असते.

पवित्र शास्त्राचा उंबरठा

अनुवादाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात कर्जवसुलीचा एक नियम आहे. शेजाऱ्याला काही उसने दिले असेल, तर तारण घेण्यासाठी त्याच्या घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे. ज्याने कर्ज घेतले त्यानेच तारण बाहेर आणून द्यावे. तो गरीब असेल आणि अंगावरचे पांघरूण तारण ठेवले असेल, तर सूर्यास्तापूर्वी ते परत करावे. जात्याची तळी तारण घेण्यासही तेथे मनाई आहे, कारण त्यावर घरातील माणसांचे पोट अवलंबून असते.

या नियमाने कर्ज बुडवण्याची मुभा दिलेली नाही. धनकोचा हक्क शास्त्राने मान्य केला आहे; मात्र तो हक्क उंबरठ्यापाशी थांबतो. घरात काय आहे, चूल पेटली आहे की नाही, मुले कशी झोपली आहेत, हे पाहण्याचा अधिकार पैशाने विकत घेता येत नाही. आजच्या काळात मोबाइल हे माणसाचे घरच झाले आहे. त्यात त्याचे नातेवाईक आहेत, आजाऱ्याचे अहवाल आहेत, मुलांची छायाचित्रे आहेत. नावांची यादी उपसून काढणारा सावकार उंबरठा ओलांडून आत शिरतो, आणि मजुराचे हप्त्यात अडकलेले वाहन रस्त्यावर अडवून नेणारा त्याच्या जात्याची तळीच उचलून नेतो.

ख्रिस्तसभेची शिकवणही या बाबतीत स्पष्ट आहे. आठव्या आज्ञेचे विवरण करताना कॅटेकिझम सांगतो की, खोटे बोलून दुसऱ्याची अपकीर्ती करणे हे जसे पाप आहे, तसेच ज्यांना ठाऊक नाही अशांना सबळ कारणाशिवाय दुसऱ्याचे खरे दोष सांगणे हेही पापच आहे. 'पण मी काही खोटे बोललो नाही' ही सबब त्यामुळे टिकत नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील २२० वा नियम कोणाच्याही सत्कीर्तीला अन्यायाने धक्का लावण्यास आणि त्याच्या खासगीपणाचा भंग करण्यास मनाई करतो.

आपल्या घराची झडती

हा नियम वाचून इतरांकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या अंगणात पाहावे. धर्मग्रामाच्या कुटुंबसूचीत प्रत्येक घराचा पत्ता, सदस्यांची नावे, जन्मतारखा आणि फोन क्रमांक एकत्र छापलेले असतात. तिची फाइल आपण व्हॉट्सअ‍ॅपवर सहज पुढे पाठवतो. वाढदिवस व विवाहदिन यांच्या शुभेच्छांच्या याद्या, सहलीला येणाऱ्यांची आधार कार्डांची छायाचित्रे, कन्फर्मेशनच्या वर्गातील मुलांचे अर्ज अशाच रीतीने शेकडो फोनमध्ये जाऊन पडतात. हेतू निर्मळ असतो. परंतु पत्ता शोधणाऱ्याला याहून सोयीची गोष्ट मिळणार नाही. कुटुंबसूची छापायची असेल तर प्रत्येक घराची संमती घ्यावी, जन्मतारखा गाळाव्यात आणि आधारच्या प्रती काम होताच नष्ट कराव्यात. पॅरिश कार्यालयात 'अमुक कुटुंब कुठे राहते' असा फोन आला तर पत्ता देऊ नये. विचारणाऱ्याचे नाव व क्रमांक लिहून घ्यावा आणि तो त्या कुटुंबाला खासगीत कळवावा.

फोन आपल्याला आला तर? शांतपणे एवढेच म्हणावे: मी जामीनदार नाही; मला पुन्हा फोन करू नका; आपले नाव, संस्थेचे नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक सांगा. पत्ता, नोकरी, नातेवाईक यांविषयी एक शब्दही सांगू नये. त्यानंतर ज्याच्याविषयी फोन आला त्याला एकांतात गाठावे. 'तुझ्याविषयी विचारणा झाली, मी काही सांगितले नाही, काही मदत हवी का?' एवढी वाक्ये पुरेशी आहेत. पंचवीस फोनांनी त्याला एकटे पाडायचे ठरवलेले असते. तुमचे हे एक बोलणे तो बेत उधळून लावते.

कर्जदार बंधुभगिनींना

कर्ज फेडणे हे न्यायाचे कर्तव्य आहे, हे आम्ही नि:संदिग्धपणे सांगतो. ऐपत असूनही टाळणे म्हणजे सातव्या आज्ञेचा भंग होय. परंतु प्रामाणिकपणे अडचणीत आलेल्याने लपू नये. लपल्याने शोध सुरू होतो आणि शोधाची झळ इतरांना लागते. बँकेला लेखी कळवावे, हप्ते कमी करून मुदत वाढवून मागावी. हप्ता थकणे हा मूलतः दिवाणी मामला आहे. फसवणूक किंवा न वटलेला धनादेश यांची गोष्ट वेगळी. 'उद्या पोलीस घेऊन येतो' अशा धमकीला घाबरून दुसऱ्या अ‍ॅपवरून पहिले कर्ज फेडू नये. त्या वाटेला अंत नाही.

फोन करणाऱ्यांच्या वेळा, क्रमांक व संदेश जपून ठेवावेत. प्रथम बँकेकडे वा वित्तसंस्थेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. विकृत छायाचित्रे, खंडणी वा धमकी असेल तर १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी; भारतीय न्याय संहितेत खंडणी व धमकी हे गुन्हे आहेत. अ‍ॅप खरे की खोटे, हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील डिजिटल कर्ज अ‍ॅपच्या यादीत पाहता येते. गावातील खासगी सावकारालाही महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्यानुसार परवाना लागतो. नसल्यास सहकार खात्याच्या तालुका निबंधकांकडे तक्रार करता येते. पतमाहिती संस्थेकडून आपला अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. तो मागवून त्यात आपल्या नावावर नसलेले कर्ज घुसवले आहे का, हे तपासावे. आणि मन फारच खचले, जीव नकोसा वाटला, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. कोणतेही कर्ज जिवाएवढे मोठे नाही.

फोन करणाऱ्या तरुणाचाही विचार व्हावा. तोही पुष्कळदा आपल्याच परिसरातील, महिन्याच्या उद्दिष्टावर व कमिशनवर जगणारा, कदाचित स्वतः कर्जात असलेला मुलगा असतो. त्याच्यावर ओरडून काही साधत नाही. आपल्या तरुणांपैकी कोणी हे काम करीत असेल, तर त्याने मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील सेवकाचा दाखला आठवावा. अफाट कर्ज माफ झालेल्या त्या सेवकाने किरकोळ देण्यापायी सहकाऱ्याचा गळा धरला होता. मागणे आणि गळा धरणे यांतील अंतर त्याने दररोज स्वतःशी तपासून पाहावे.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नावर केवळ प्रवचने केली नाहीत. वसईत १९१८ साली धर्मगुरूंच्या पुढाकाराने कॅथलिक सहकारी पतसंस्था उभी राहिली आणि तीच आज मोठी सहकारी बँक झाली आहे. एकमेकांना ओळखणाऱ्यांनी एकमेकांना उभे करावे, ही त्यामागची भावना होती. ओळख ही तेव्हा पत होती. आज तीच ओळख वसुलीचे हत्यार बनू पाहत आहे. तिला पुन्हा आधार बनवणे आपल्या हाती आहे. प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहात कर्जाविषयी विश्वासाने बोलता येईल असे एक दोन जाणते असावेत, सेंट व्हिन्सेंट द पॉल संस्थेच्या सभासदांनी अशा घरांची गुप्तपणे चौकशी करावी, साधेपणाने लग्न करणाऱ्या कुटुंबाचे धर्मग्रामाने कौतुक करावे.

पुढच्या वेळी तो फोन वाजेल तेव्हा पलीकडच्याला आपल्याकडून एका घराचा उंबरठा हवा असेल. तो उंबरठा आपला नाही, शेजाऱ्याचा आहे; आपण त्याचे राखणदार आहोत. दार उघडून देणे आपले काम नाही. बाहेर उभे राहून, आत अडकलेल्याला हळूच हाक मारणे हे आपले काम आहे.